वज्रधराचं तोंड कोणी पाहिलं

संगमनेर,
४ डिसेंबर १९७२

प्रिय मने,

आधी पाणी पी, मग पुढचं वाच. आपला वज्रधर सिनेमात आला आहे आणि मी तो पाहिला आहे. एकदा नाही, दोनदा. शनिवारी पाहिला, आणि खरंच पाहिला की काय याची खात्री पटेना म्हणून रविवारी चर्चच्या उपासनेहून परस्पर पुन्हा गेले.

तुला वाटेल, त्याच नावाचा दुसरा कोणी असेल. तसं नाही. सुरुवातीच्या पाट्यांत त्याची चित्रकथा छापणाऱ्या साप्ताहिकाचं नाव आहे. नगरला ट्रेनिंग कॉलेजच्या होस्टेलवर ज्याच्यासाठी दर गुरुवारी आपण फाटकाशी उभ्या राहायचो, एकच अंक दोघींत, डावं पान तू धरायचीस आणि उजवं मी, तोच हा. मुंबईच्या कुठल्याशा कंपनीनं हिंदीत काढला आहे.

कसा आहे म्हणशील, तर ऐक. उडतो तेव्हा पाठीमागची तार दिसते. कमरेचा विजेचा पट्टा चित्रात चांगला वीतभर रुंद होता, इथे आमच्या शाळेतल्या स्काउटच्या पट्ट्याएवढाच आहे. झगा सॅटिनचा आहे आणि तो धावायला लागला की पायांत अडकतो. मुखवटा मात्र बरोबर जमला आहे, काळा, कपाळावर वीज. धरण फुटायला येतं आणि तो भिंतीला पाठ लावून उभा राहतो, तिथे तुझ्या माहेराजवळचं भंडारदरा धरण आठवलं. माझ्या शेजारची अनोळखी बाई मोठमोठ्यानं देवाचा धावा करायला लागली. मी शिकलेली बाई, चष्मा पुसत बसले.

आता मुख्य गोष्ट. या सिनेमात वज्रधर मुखवटा काढतो. एका मुलीपुढे. किल्ल्याला आग लागते, त्याच्या लगेच नंतर दोन मिनिटांचा प्रसंग आहे. तोंड कसं आहे ते मी लिहिणार नाही. त्याला चेहरा द्यायचा नाही, तुझा तू मनात ठेवायचा, माझा मी, असं आपलं ठरलं होतं आणि तुझ्या मनातला मी पुसणार नाही. पण तो प्रसंग तू पाहिलाच पाहिजेस. इथे अजून दहा दिवस आहे. कोल्हारहून सकाळची एस.टी. धरलीस तर तीनचा खेळ पाहून रात्रीच्या जेवणाच्या आत घरी पोचशील.

तुझ्या यजमानांना, आबासाहेबांना, नमस्कार. छोट्या राहीचा पापा घे.

तुझी
सारा


कोल्हार,
९ डिसेंबर १९७२

सारे,

पाणी प्यायले. तांब्याभर प्यायले. काही उपयोग झाला नाही.

दोनदा पाहिलास आणि वर मला कळवतेस. तुझं पत्र मी गोठ्यामागे उभी राहून वाचलं आणि वाचता वाचता माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की सासूबाई विचारायला लागल्या, माहेरी कोणाचं बरंवाईट झालं का. त्यांना काय सांगू? मालनबाईंच्या सुनेला उडणाऱ्या माणसाचं वेड आहे हे कोल्हारात कळलं तर उद्या पाणवठ्यावर तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

तीनचा खेळ पाहून ये म्हणे. तुझं बरं आहे बाई. शाळा सुटली की छत्री काखेत मारायची आणि वाटेल तिकडे जायचं. मला संगमनेरला जायचं तर आधी ह्यांना, मग सासूबाईंना, मग राहीला कोणाकडे ठेवायचं ते बघून, आणि एवढं करून कारण काय सांगायचं? पहिल्या वर्षाला तुझ्यापेक्षा माझे गुण जास्त होते हे मी विसरलेले नाही. तूही विसरू नकोस.

आणि वज्रधर हिंदी बोलतो? कोणाला विचारून? तीन वर्षं झाली मला तो अंक डोळ्यांनी दिसलेला नाही, पण त्याचा आवाज माझ्या कानात जशास तसा आहे आणि तो आपल्या नगरकडच्या माणसासारखा बोलतो. सॅटिनचं तर मी बोलतच नाही. आगीत सॅटिन घालून जातो का कोणी?

हे सगळं मी गिळलं असतं. पण ती मुलगी कोण? तिनं काय केलं असं? आपण पावसात फाटकाशी ताटकळायचं, रेक्टरबाईंची बोलणी खायची, एका अंकासाठी जेवणाची घंटा चुकवायची, आणि त्यानं तोंड कोणाला दाखवायचं, तर मुंबईच्या स्टुडिओत पावडर थापून आलेल्या कोणा एका बयेला. आपल्याला एकदा तरी दाखवलं का त्यानं?

तुला म्हणून सांगते. लग्नात अंतरपाट धरला होता, मंगलाष्टकं चालली होती, आणि मी मान खाली घालून विचार करत होते की पलीकडे तो असला तर. आता पाट निघेल आणि कपाळावर वीज दिसेल. पाट निघाला आणि समोर हे. दिसायला वाईट नाहीत, स्वभावानंही गरीब आहेत, माझं काही म्हणणं नाही. पण ते हेच होते. त्या दिवशी मी मनाशी म्हटलं, असू दे, त्याचं तोंड मला नाही तर कोणालाच नाही. त्यावर मी तीन वर्षं काढली. आणि तू लिहितेस, दोन मिनिटांचा प्रसंग आहे.

मी येणार नाही. मला ते तोंड बघायचं नाही आणि ती बया तर त्याहून नाही. तूही आता परत जाऊ नकोस.

मनकर्णा


संगमनेर,
२१ डिसेंबर १९७२

प्रिय मने,

तुझं पत्र मिळण्याआधीच मी तिसऱ्यांदा गेले होते, त्यामुळे आज्ञा मोडली असं म्हणता येणार नाही. या वेळी सातवीच्या मुलींना घेऊन गेलो. वर्गात निम्म्याच उरल्या आहेत, बाकीच्या आईबापांबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला जातात. ज्या आहेत त्यांना तरी दोन तास बरे जावेत म्हणून विल्सनसरांनी शाळेमार्फत तिकिटं काढून आणली. मुली एवढ्या ओरडल्या की दुसऱ्या दिवशी एकीला पाढे म्हणता येईनात.

मने, तू त्या मुलीला बया म्हटलंस ते मला आवडलं नाही. तिनं पावडर थापलेली नाही. सुती पातळ नेसलेली साधी मुलगी आहे, जरा फटकळ आहे, आणि तिला वज्रधर कोण हे ठाऊक असूनही ती त्याला घाबरत नाही. मला ती आवडते. तिला पाहिल्यावाचून तिच्यावर जळू नकोस एवढंच सांगते. चिडायचं तर सॅटिनवर चीड, मी तुझ्या बाजूनं उभी राहीन.

आता ऐक. इथल्या टॉकीजमधून तो सिनेमा गेला, पण जाहिरातीत खाली बारीक अक्षरांत गावं होती, आणि त्यात कोल्हार आहे. पौषात भगवतीच्या जत्रेला सिनेमाचा तंबू येईल तेव्हा तोच खेळ लागणार. मी दोन दिवस रजा काढून येते. तुला संगमनेरला यायचं नाही तर संगमनेर तुझ्याकडे येईल. बायकांच्या बाजूला मला तुझ्याशेजारी जागा धर. किल्ल्याला आग लागली की मी पडद्याकडे बघणार नाही, तीनदा बघून झालं आहे. मला तो प्रसंग तुझ्या तोंडावर बघायचा आहे. का, ते तेव्हा सांगेन. गेली तीन वर्षं मी याच एका गोष्टीची वाट बघत आले आहे असं म्हटलंस तरी चालेल.

नाताळला मी नगरला भावाकडे आहे. दोन तारखेनंतर इथेच लिही.

तुझी
सारा


कोल्हार,
७ जानेवारी १९७३

प्रिय सारा,

तुझं पत्र पोचलं. मी आता अगदी शांत आहे. मागच्या पत्रात रागाच्या भरात काही लिहिलं असेल तर मनावर घेऊ नकोस.

ये, जरूर ये. सासूबाईंना सांगून ठेवलं आहे की माझी होस्टेलची मैत्रीण देवीच्या दर्शनाला येते आहे. तू ख्रिस्ती आहेस हे त्यांना ठाऊक आहे, त्या म्हणाल्या, देवी कोणाला नाही म्हणत नाही, फक्त भाकरी किती थापायच्या ते सांग. हे विल्सनसर कोण आहेत? तुझ्या पत्रात कधी नव्हते. तिकिटं काढून देतात म्हणजे बरेच हौशी दिसतात. मला आपलं असंच विचारावंसं वाटलं.

यंदा पाटाला पाणी नाही, नदीकडचं आमचं रान रिकामं पडलं आहे, म्हणून तंबू आमच्याच रानात ठोकताहेत. मशीनवाला कोण निघाला सांग. मच्छिंद्र, आमच्या राजूरचा. माझ्या चुलत्यांच्या शेजारचं घर. मला ताई म्हणतो. जत्रा संपेपर्यंत दोन्ही वेळचं जेवण आमच्याकडेच आहे, पिठलं केलं की खूश. सिनेमाची पेटी आली की मला आधी दाखवतो म्हणाला. किती रिळं असतात, कोणत्या रिळात काय असतं, सगळं त्याला तोंडपाठ आहे.

तुला माझ्या तोंडावर बघायचं आहे ना, बघ हो, पोटभर बघ. मी जागा धरून ठेवते.

तुझी
मनकर्णा


संगमनेर,
२३ जानेवारी १९७३

सौ. मनकर्णाबाई यांस,

मी सुखरूप पोचले. तुमच्या सासूबाईंनी बरोबर दिलेल्या भाकरी आणि ठेचा वाटेत खाल्ला, त्यांना माझा नमस्कार सांगावा. विल्सनसर छप्पन्न वर्षांचे आहेत, त्यांना डाव्या कानानं ऐकू येत नाही, आणि त्यांची नात माझ्या वर्गात आहे. तुमच्या प्रश्नाचं उत्तर राहून गेलं होतं.

त्या संध्याकाळी काय झालं ते मला तेव्हा नीट उमगलं नाही. तंबू गच्च भरलेला, खाली सतरंजी, तुम्ही माझ्या उजव्या हाताला. किल्ल्याला आग लागली. मी पडद्यावरून नजर काढली आणि तुमच्याकडे वळले. पडदा एकदम पांढराफटक झाला, खट्‌ असा आवाज आला, आणि पुरुषांच्या बाजूनं शिट्ट्या सुरू झाल्या. परत चित्र आलं तेव्हा वज्रधर मुखवट्यासकट घोड्यावर होता. मला वाटलं, जुनी फिल्म आहे, झिजली असेल. पण तुम्ही पदर तोंडाला लावून हसत होतात. तेव्हा मी त्याचा अर्थ लावला नाही.

अर्थ दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडवर कळला. तुमचा मच्छिंद्र चहा पीत होता. तो मला आपणहून म्हणाला, "ताई म्हनल्या तेवढं काढून टाक, म्हातारी मानसं बसत्यात, बाईच्या मांडीवर बाप्याचा पाय बरा दिसत न्हाई. म्या काढलं. कुनाला कळलं बी न्हाई." त्याला त्याचं कौतुक वाटत होतं.

आता मी जे सांगणार होते ते सांगून टाकते, म्हणजे मनात राहणार नाही.

तुझं लग्न ठरलं आणि पहिलं वर्ष संपताच तू गेलीस. अंक येत राहिला. दोन्ही पानं मलाच धरावी लागली. मला तुझा फार राग आला होता, आणि तुझ्या नवऱ्याचा तर त्याला न बघताच. एका रविवारी मी बसले आणि वज्रधरानं मुखवटा काढला तर कसा काढावा ते दोन पानं लिहून संपादकांना पाठवलं. त्यांनी ते तसंच्या तसं घेतलं. नाव घालू नका असं मीच कळवलं होतं. तुला कधी बोलले नाही, कारण आपलं ठरलेलं मी मोडलं होतं. मग तो सिनेमा आला, आणि पडद्यावर माझे शब्द. हिंदीत, पण एकही बदललेला नाही. तीन वेळा मी काही सिनेमा पाहिला नाही मने, तेवढा प्रसंग पाहिला. जन्मात एक गोष्ट लिहिली. ती एका माणसानं पाहावी असं वाटत होतं, आणि त्या माणसानं ती कात्रीनं कापून टाकली.

जिच्यामुळे तुला एवढं झोंबलं ती मुलगी कोण, ते आता सांगण्यात अर्थ नाही.

पत्र लिहू नये.

सारा


कोल्हार,
२७ जानेवारी १९७३

सारा,

लिहू नये म्हटलंस तरी लिहिते आहे. न उघडता चुलीत घातलंस तरी चालेल.

मी केलं. मांडीवर पाय असतो एवढं मच्छिंद्राच्याच तोंडून कळलं होतं, त्यावर त्याला खोटं सांगितलं, सासूबाईंचं नाव पुढे केलं, त्या बिचाऱ्या तर सबंध खेळभर पेंगत होत्या. मला वाटलं, तुला माझी जळजळ बघायची आहे म्हणून तू एवढ्या लांबून येते आहेस. स्वतः तीनदा बघितलं आणि आता मला खिजवायला येते आहे, असंच डोक्यात बसलं होतं. तुझी नोकरी, तुझी छत्री, तुझा तीनचा खेळ, सगळ्याचं विष त्या एका मुलीवर निघालं. पडदा पांढरा झाला तेव्हा मला जो आनंद झाला, तेवढा लग्नात झाला नव्हता. हे लिहिताना मला माझी लाज वाटते.

कापलेली फिल्म मच्छिंद्रानं मला दिली होती, हळदीच्या डब्यात गुंडाळून ठेवली आहे. तुझं पत्र वाचून झाल्यावर ती काढली आणि अंगणात उन्हाकडे धरली. नखाएवढी चित्रं, एकासारखी एक. ती मुलगी खाली वाकलेली, तिचं तोंड दिसत नाही. त्याचं टिकलीएवढं, त्यात नाकडोळे कुठून कळणार. काहीतरी बोलताहेत एवढं कळतं. चित्रांच्या कडेनं एक वाकडीतिकडी रेघ सगळ्या फिल्मभर गेली आहे. तंबू जायच्या दिवशी फिल्म हातात घेताना मच्छिंद्राला मी सहज विचारलं होतं, ही रेघ कसली रे. तो म्हणाला, "ताई, त्यो आवाज हाय. मशीनीत घातल्याबिगर बोलत न्हाई."

म्हणजे तुझे शब्द माझ्या हातात आहेत आणि मला ते ऐकता येत नाहीत. काय म्हणतो तो? तेवढं एका ओळीत लिही. बाकी काही लिहू नकोस.

मनकर्णा


कोल्हार,
११ फेब्रुवारी १९७३

सारा,

पंधरा दिवस टपालवाल्याची वाट पाहिली. तू लिहिलं नाहीस ते बरोबरच केलंस.

परवा माझ्या हातून दूध उतू गेलं, दोनदा, आणि ह्यांनी विचारलं काय झालं. मी सगळं सांगितलं. फाटकापासून हळदीच्या डब्यापर्यंत. अंतरपाटाचंही सांगितलं, तेही आता कशाला लपवायचं. सांगताना मी रडत होते.  मला वाटलं, हे आता हसतील, नाहीतर उठून जातील. मग म्हणाले, "आगं, कापलंय न्हवं? जाळलं तर न्हाई? कापल्यालं जोडता येतंय. तंबू राहुरीत हाय, उद्या चल." अंतरपाटाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. फक्त संध्याकाळी कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडून दाढी करून आले.

राहुरीत मच्छिंद्र आधी घाबरला, कंपनीला कळलं की काय म्हणून. मग सुटल्यासारखा झाला, कारण पेटी परत करताना फिल्म मोजून घेतात आणि तो त्याच काळजीत होता. त्यानं ब्लेडनं दोन्ही टोकं खरवडली, बाटलीतलं औषध लावलं, आणि अंगठ्यानं दाबून धरलं. मी शेजारी उभी होते. एवढं साधं काम. तो म्हणाला, जोडावर पडदा एकदा हलेल, घाबरू नका.

पहिल्या खेळाला बसलो. हे पुरुषांत, मी बायकांत, तुझी जागा मी रिकामी ठेवली होती पण एक बाई येऊन बसली. सॅटिनबद्दल तुझं खरं आहे. तारही दिसते. तरी तो धरणाच्या भिंतीला पाठ लावून उभा राहिला तेव्हा मी ते विसरले. मग किल्ल्याला आग लागली. पडदा हलला.

वज्रधर आगीतून उडी मारतो आणि बाभळीच्या रानात उतरतो. टाचेत काटा मोडतो. एवढा वीजवाला माणूस लंगडत चालतो, आणि ती मुलगी त्याला बांधावर बसवते. विचारत नाही, काही नाही, त्याचा पाय उचलून सरळ आपल्या मांडीवर घेते. बांगडीतली पिन काढते, दातांत धरते, पदरानं टाच पुसते, आणि पिन हातात घेऊन रागवायला लागते. एवढं उडता येतं तर बघून उतरता येत नाही का. सगळ्या गावाची काळजी, आपल्या पायाची नाही.

सारे, मी बसल्या जागी गुडघ्यांवर उठले.

होस्टेलचं फाटक लावलं होतं त्या गुरुवारी तू तारेच्या कुंपणावरून उडी मारलीस अंकासाठी. पलीकडे बाभळ होती. तू लंगडत आलीस, अंक पदराखाली, आणि मी तुला पायरीवर बसवलं. पिन माझ्या बांगडीतली होती. मी काय काय बोलले ते मला आठवतही नव्हतं, राहुरीच्या तंबूत एकेक शब्द परत ऐकला, हिंदीत. तू तेव्हा हसत होतीस. मी म्हटलं, हसतेस काय, काटा मोडलाय. तू म्हणालीस, आई गेल्यापासून मला कोणी रागावलंच नव्हतं.

पडद्यावर तो तेच म्हणतो. सगळे माझा जयजयकार करतात, रागावत कोणी नाही. आणि मग म्हणतो, बोलणी खायची तर तोंड झाकून कशाला. आणि मुखवट्याला हात घालतो.

दोन महिने मी जिच्या नावानं बोटं मोडली, जिला बया म्हटलं, जिला मच्छिंद्राकडून कापून हळदीत पुरलं, ती मी होते. तू मला तिथे नेऊन बसवलंस आणि मी माझ्यावरच जळत बसले. एवढी मूर्ख बाई नगर जिल्ह्यात दुसरी सापडायची नाही. फटकळ लिहिलंस तेही खरं आहे. तो सिनेमा आता अकोले तालुक्याकडे जाणार आहे, सबंध, एक फूटही कमी नाही, मी मच्छिंद्राकडून देवीची शपथ घेतली आहे.

मला माफ कर असं लिहायला हात उचलत नाही. तू परत लिहू लागलीस तर मी समजेन. नाही लिहिलंस तरी मी दर महिन्याला लिहीन, ते तुला थांबवता येणार नाही.

तंबूबाहेर आल्यावर ह्यांनी विचारलं, जरा इकडे तिकडे बघून, "मंग? कसा हाय त्यो दिसाया?" त्यांची बिचाऱ्यांची केवढी मोठी काळजी होती ती. मला सांगता येईना. त्यांना वाटलं मी लपवते आहे. खरंच सांगते सारे, मुखवटा निघाला तेव्हा सगळा तंबू त्याच्या तोंडाकडे बघत होता आणि मी त्या मुलीच्या हाताकडे बघत होते. नाक कसं, डोळे कसे, गोरा की काळा, मला काही माहीत नाही.

पाय मात्र ओळखला.

तुझी
मनकर्णा